आठवीच्या पोरांकडून गॅदरिंगला संगीत नाटक बसवायचंय, कोणतं घेऊ? (जळगाव)

सर, संगीत सौभद्र अख्खं घेऊ नका, 1882 चं नाटक ते, पदंच शंभरावर, रात्र सरायची पण नाटक नाही. एक प्रवेश घ्या, तीन-चार पदं, ताना सगळ्या काढून टाका, चाल सरळ ठेवा. आणि आठवीत पोरांचे आवाज फुटतात बरं का, जूनमध्ये पेटीच्या काळी चार पट्टीत, म्हणजे उंच सुरात गाणारा पोरगा डिसेंबरला घोगरा होतो, म्हणून पट्टी शेवटी ठरवा न् वरच्या सुरातलं काम शक्यतो पोरींना द्या. बाकी माझं विचाराल तर मधेमधे बहिणाबाईंच्या ओव्या, खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी टाका, लेवा बोली, अहिराणी पोरांच्या तोंडात असतेच, पाठांतराची कटकट नाही. रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर नको, पेटी-तबलाच ठेवा, पोरगं चुकलं तर पेटीवाला सांभाळून घेतो.