पहिलं वर्ष लेकीचं, पाचवं वर्ष कंपनीचं

प्रश्न : माझं वय ३४. पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून तंत्रज्ञान सल्ला देणारी कंपनी सुरू केली. आज आम्ही ११ जण आहोत. नऊ आठवड्यांपूर्वी मुलगी झाली. नेमकं आत्ताच एका मोठ्या क्लायंटने २४ तास सपोर्टचं काम देऊ केलं आहे. ते घेतलं तर उलाढाल जवळजवळ दुप्पट होईल. उत्तर महिनाअखेरपर्यंत द्यायचं आहे. रात्री झोप नाही, दिवसा कामात चुका होतात. पत्नी समजून घेते. खरं सांगायचं तर ऑफिसात बरं वाटतं, घरी आलो की मनावर दडपण येतं. दोन वर्षं जीव तोडून कंपनी उभी करावी आणि मग मुलीला वेळ द्यावा, की कंपनी बंद करून सरळ नोकरी धरावी?

प्रिय मित्र,

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. वर त्याचा सारांश दिला आहे. चार पानांपैकी साडेतीन पानं क्लायंट, करार आणि कंपनीतल्या माणसांबद्दल आहेत. लेकीबद्दल एक परिच्छेद आहे. पत्नीबद्दल तीनच शब्द आहेत : ‘पत्नी समजून घेते.’ त्या तीन शब्दांकडे मी परत येणार आहे.

पण सगळ्यात आधी त्या दडपणाबद्दल बोलू. ऑफिसात बरं आणि घरी गुदमरल्यासारखं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मी ते जाता जाता वाचू शकलो नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य आईलाच येतं, असा समज आहे. ते वडिलांनाही येतं. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात साधारण दहातल्या एका वडिलांमध्ये ते आढळलं होतं. पुरुषांमध्ये ते रडण्यातून दिसेलच असं नाही. चिडचिड वाढते, माणूस गप्प होतो, कामात स्वतःला गाडून घेतो. शेवटचं लक्षण तर तुमच्यासारख्याच्या बाबतीत कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण जास्त काम करणाऱ्या मालकाचं कौतुकच होतं. तुम्हाला नैराश्य आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवण्याचा अधिकार माझा नाही. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा आणि मला लिहिलंत ते वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा. करार, नोकरी, कंपनी हे सगळं त्या भेटीनंतर.

आता कंपनी. तुमच्या पत्रातून मला एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. एस्टिमेट तुम्ही बघता, तांत्रिक आराखडा तुम्ही पास करता, क्लायंट रागावला की फोन तुम्हाला येतो, नवीन माणसाची शेवटची मुलाखतही तुमचीच. म्हणजे कंपनीत ११ माणसं आहेत, पण निर्णयाची खिडकी एकच आणि तिच्यावर तुम्ही बसलेले. रांगेचं गणित तुम्हाला ठाऊक आहे, सर्व्हरची क्षमता ठरवताना तुम्ही तेच वापरता. कामं वेळीअवेळी येत असतील आणि खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर एका कामाला जितका वेळ लागतो त्याच्या सरासरी चौपट वेळ रांगेत जातो. ९० टक्क्यांवर तो नऊपट होतो, ९५ टक्क्यांवर १९ पट. मुलगी होण्याआधी तुम्ही आठवड्याला ६० तास काम करत होता. म्हणजे तेव्हाच तुम्ही त्या ९५च्या आसपास होता आणि कसंबसं निभत होतं. सर्व्हर ९५ टक्क्यांवर चालवायचा सल्ला तुम्ही कुठल्याच क्लायंटला देणार नाही. स्वतःला मात्र पाच वर्षं तसंच चालवलंत. बाळाने नवी अडचण आणलेली नाही. जी अडचण आधीपासून होती, ती आता झाकता येत नाही इतकंच.

यावर वेळापत्रकाची युक्ती चालत नाही. पहाटे उठा, कॅलेंडरवर रंगीत खुणा करा, यातलं काही मी सांगणार नाही. खिडक्या वाढवाव्या लागतील. तुमच्याबरोबर चार वर्षं काम केलेले दोन वरिष्ठ सहकारी आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना कामं दिलेली आहेत, अधिकार दिलेला नाही. किती रकमेपर्यंतची सवलत तुम्हाला न विचारता देता येईल, किती तासांचं जादा काम मान्य करता येईल, कुठल्या प्रकारचा रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, थांबवता येईल, हे आकड्यांत लिहून द्या. आणि त्यांनी घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही तरी सगळ्यांसमोर फिरवू नका. एकदा जरी फिरवलात तरी रांग पुन्हा तुमच्याच दारात लागेल.

त्याची सुरुवात अशी करा. पुढच्या महिन्यात एक पूर्ण आठवडा घरी राहा. खरोखर घरी, फोन आणि मेल बंद ठेवून. दोघा सहकाऱ्यांना सांगा की तुमच्यावाचून जे जे अडेल ते एका वहीत टिपायचं : काय अडलं, किती वेळ अडलं, शेवटी काय केलं. आठवड्यानंतर त्या वहीत पंधरा-वीस नोंदी असतील असा माझा अंदाज. त्यातल्या बऱ्याचशा पासवर्ड, सही आणि ‘साहेबांना विचारून घेऊ’ या प्रकारच्या निघतील. त्या दोन दिवसांत मिटतात. उरलेल्या चार-पाच नोंदी म्हणजे तुमचं खरं काम. त्यासाठी आठवड्याला ६० तास लागत नाहीत.

आता तो करार. थोडा हिशेब मांडू. आठवड्यात १६८ तास असतात, एक माणूस ४० तास काम करतो. म्हणजे चोवीस तास एक खुर्ची भरलेली ठेवायला ४.२ माणसं लागतात. रजा आणि आजारपण धरलं तर पाच ते सहा. ११ जणांतले सहा त्या खुर्चीला दिले तर बाकी कामं कोण करणार? नवीन घेतलेत, तर ११चे १७ होतील. दोन-दोन माणसांमधले संपर्काचे धागे ११ जणांत ५५ असतात, १७ जणांत १३६. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवलं, त्याचं मुख्य कारण हेच : नव्यांना शिकवायचं जुन्यांनी आणि बोलणं वाढतं सगळ्यांचं. तुमच्याकडे नव्यांना शिकवणार कोण, हेही आपल्या दोघांना माहीत आहे.

पैशाचीही एक बाजू आहे, ती पत्रात कुठेच आली नाही. समजा सहा माणसं काम सुरू होण्याच्या दोन महिने आधी घेतलीत. पहिल्या महिन्याचं इनव्हॉइस महिनाअखेरीस गेलं आणि क्लायंटने ते ६० दिवसांनी चुकवलं. म्हणजे पहिला पैसा हातात यायच्या आधी तुम्ही पाच महिन्यांचे पगार दिलेले असतात. वाढणाऱ्या कंपन्या नफ्यात असूनही रोकडीला अडतात त्या अशाच. उलाढाल दुप्पट होईल हे खरं आहे. पण त्याआधीचे पाच महिने रात्री दोन वाजता बाळ आणि पगाराची तारीख दोघंही तुम्हाला जागं ठेवतील.

आणि रात्रपाळीतला एखादा माणूस अचानक सोडून गेला तर त्या खुर्चीवर कोण बसेल? तुम्हीच बसाल. तुमचा स्वभाव पत्रातून कळतो, तुम्ही दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. म्हणून हा करार या रूपात घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. क्लायंटला दुसरा प्रस्ताव द्या : काम चार महिन्यांनी सुरू, दिवसाचा सपोर्ट पूर्ण, रात्री फक्त सगळं ठप्प झालं तरच ऑन-कॉल, म्हणजे माणूस घरी आणि फोन आला तरच कामाला, आणि त्या ऑन-कॉलचे पैसे वेगळे. ऑन-कॉलची पाळी सहा जणांत फिरती ठेवा, म्हणजे सहा आठवड्यांतून एकदा येईल. गंभीर क्लायंट अशा प्रस्तावावर बोलायला बसतो. ‘आत्ताच्या आत्ता, सगळं, नाहीतर नको’ असं उत्तर आलं, तर जाऊ द्या. तुम्हाला फार लागेल हे मला कळतं. तरीही जाऊ द्या.

दुसरं एक कारण तुमच्या लेकीच्या वयात आहे. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा ते दूध मागतं. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत बरंच ओसरतं. झोपेला दिवस-रात्रीचं वळणही साधारण त्याच सुमारास लागू लागतं. प्रत्येक बाळाची चाल वेगळी, पण तुमची लेक नऊ आठवड्यांची आहे. म्हणजे तुम्ही दोघं चढाच्या माथ्यावर उभे आहात. तिथे उभं राहून पुढच्या पाच वर्षांचा निर्णय घेऊ नये. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाच्या हालचाली आणि विचार रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे मंदावतात, असं १९९७ सालच्या एका प्रयोगात दिसलं होतं. तेव्हा सध्यापुरता एक नियम करा : वाईट रात्रीच्या दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे क्लायंट वापरत असलेल्या चालू सिस्टिममध्ये, बदल नाही, किमतीचा निर्णय नाही, रागाच्या मेलला उत्तर नाही.

‘दोन वर्षं कंपनी, मग मुलगी’ या विचाराबद्दल मी थोडं माझं सांगतो. माझी मुलं आता मोठी आहेत. थोरला झाला तेव्हा मीही ‘एवढी जबाबदारी पार पडू दे’ असं म्हणत होतो. ती पार पडली की पुढची येत होती. तो दीड वर्षाचा असताना एकदा पडला, मी दोन हातांवर होतो, आणि तो मला ओलांडून दुसऱ्या खोलीत आईकडे गेला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. लागलं की समजावणारं माणूस त्याच्या अनुभवात एकच होतं. पुढे मी शिकलो, पण मुलाला शांत करायला शिकणं आणि मुलाने आपल्यापाशी शांत व्हायला शिकणं या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. त्यासाठी एकत्र घालवलेले साधे, कंटाळवाणे तास लागतात. ते नंतर एकगठ्ठा देता येत नाहीत. आणि तुमची कंपनी दोन वर्षांनी आजच्यापेक्षा मोठी असेल, म्हणजे तेव्हा तिला तुम्ही जास्तच लागाल.

आता ते तीन शब्द. ‘पत्नी समजून घेते.’ तुमच्याच भाषेत सांगतो. तुमच्या घरी ऑन-कॉलची पाळी आहे. तुमच्या पत्नी नऊ आठवडे अखंड प्रायमरी आहेत, म्हणजे पहिली हाक त्यांना, आणि तुम्ही कायमचे सेकंडरी, म्हणजे मागचे राखीव. बोलावलं की तुम्ही येता, मनापासून येता, मदत करता. पण फोन वाजतो तो त्यांचाच. कंपनीत एखाद्याची नऊ आठवडे पाळी बदलली नसती तर तुम्ही स्वतः हस्तक्षेप केला असता. त्या समजून घेत असतील, किंवा बोलायचं त्राण उरलं नसेल. विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

रात्रीचे दोन भाग करा. एकाने नऊ ते दोन, दुसऱ्याने दोन ते सात. दोघांनाही सलग पाच तासांची झोप मिळण्याची शक्यता निर्माण होते, आणि तुकड्यातुकड्यांच्या आठ तासांपेक्षा ती पुष्कळ बरी. बाळ अंगावर पीत असेल तर दूध पाजण्यापुरतं त्यांना उठावं लागेल, पण ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पुन्हा झोपवणं हे तुमचं. काढून ठेवलेलं दूध देणं जमत असेल तर तेही. शिवाय दिवसातले दोन तास पूर्ण तुमचे ठेवा. त्या वेळात त्यांनी झोपावं किंवा घराबाहेर जावं, पण शेजारी बसून सूचना देऊ नयेत. पहिले काही दिवस बाळ जास्त रडेल आणि तुम्हाला त्यांना हाक मारावीशी वाटेल. थोडं थांबा. लसीकरणाच्या तारखा, डॉक्टरांच्या भेटी, औषधं हे सगळं खातंही तुम्ही घ्या, आठवण ठेवण्याच्या ओझ्यासकट.

उरला नोकरीचा प्रश्न. नोकरी धरणं म्हणजे हार, असं मी अजिबात मानत नाही. ठरलेला पगार, रजा, काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येणं, या लहान बाळाच्या घरात मोलाच्या गोष्टी आहेत. पण आज तुम्ही नोकरीकडे थकव्यापोटी बघताय, आणि तुमच्या निर्णयावर दहा जणांचे पगार अवलंबून आहेत. लेक आठ महिन्यांची होईल तेव्हाची एक तारीख आत्ताच वहीत लिहा. त्या दिवशी तीन गोष्टी बघा : तुम्ही दोन आठवडे नसताना कंपनी चालते का, सहा महिन्यांचे पगार शिल्लक आहेत का, आणि घरी यावंसं वाटतं का. पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर कंपनी लहान करणं, दुसऱ्या कंपनीत विलीन करणं किंवा नोकरी, हे तिन्ही मार्ग तेव्हा शांतपणे तपासू. मी त्यासाठी आहे. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी डॉक्टरांकडे पुन्हा जायचं, बाकीचं मागाहून.

क्लायंटला उत्तर देण्याच्या आधी हे पत्र पत्नींना वाचायला द्या. मी त्यांच्याबद्दल लिहिलेलं काही चुकीचं असेल तर त्या सांगतील, आणि ते ऐकल्यानंतर चार महिन्यांची मुदत पुरेशी आहे की सहा मागायची, हे तुम्ही दोघं मिळून ठरवा.