ऑफिस सांभाळून रोज अर्धा तासच मिळतो, आरसी (रिमोटवर उडणारं छोटं) हेलिकॉप्टर उडवायला शिकायचंय, पहिलं कोणतं घेऊ?
रोज जेमतेम अर्धा तास मिळतो म्हणता ना भाऊ, मग सरळ कोअ‍ॅक्सियल घ्या, म्हणजे एकावर एक दोन पंखे उलट्या दिशेने फिरणारं, त्यामुळे ते स्वतःभोवती गरगरत नाही अन् हॉलमध्येच शिकता येतं. बाहेर मात्र जरा वारा आला की गेलं शेजारच्या गच्चीवर, माझं दोनदा गेलं, दुसऱ्यांदा तर कूलरवर आपटून शेपटीच तुटली. कलेक्टिव्ह पिचच्या, म्हणजे उडताना पात्यांचा कोन बदलणाऱ्या हेलिकॉप्टरच्या, नादी आत्ताच लागू नका बाप्पा, एकदा पडलं की अख्खा रविवार स्क्रू कसण्यात जातो. एका चार्जवर ५-७ मिनिटंच उडतं, म्हणून जास्तीची बॅटरी अन् ब्लेडचा एक सेट सोबतच घ्या. आणि हो, नागपूरच्या मे महिन्यात त्याची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बंद गाडीत ठेवू नका, फुगते.