लोहगावात तक्रार कुणाकडे? विमान कायद्यावरचे वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं, की १९३४चा एअरक्राफ्ट ॲक्ट आता इतिहासजमा झाला आणि १ जानेवारी २०२५पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. त्यावर बरीच पत्रं आली. कलमांबद्दल कुणी विचारलेलं नाही. विचारलंय ते खुर्चीत काढलेल्या रात्रीबद्दल, अडकलेल्या मजल्यांबद्दल, फाटलेल्या बॅगेबद्दल. बहुतेक पत्रांच्या शेवटी प्रश्न एकच: तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

पुण्यात हे खरोखरच अवघड आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची, विमानांना उतरायची परवानगी देणारा नियंत्रण कक्षही हवाई दलाचा. आपण बसतो ते टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं. विमान कंपनीचं, आणि कंपनीवर देखरेख दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि माणूस कंटाळून नाद सोडतो. वकिली करताना मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. म्हणून या वेळी प्रत्येक उत्तरात कुणाकडे जायचं ते आवर्जून सांगते आहे.

प्रश्न: आमचं पुणे-दिल्ली विमान रात्री ९.४०चं होतं. पावणेनऊला काउंटरवर कळलं की रद्द झालंय. कारण विचारलं तर 'ऑपरेशनल' एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ११च्या विमानात जागा दिली. यजमान ७४ वर्षांचे, रात्रभर खुर्चीत बसून. एक सँडविच आणि पाण्याची बाटली मिळाली. आम्हाला काही मागता येतं का?
(एक वाचक, कोथरूड)

उत्तर: काकू, मागता येतं, आणि तुम्ही मागाच. विमान रद्द झालं, उशीर झाला किंवा तिकीट असून चढू दिलं नाही, तर प्रवाशाला काय मिळालं पाहिजे हे डीजीसीएच्या नियमावलीत लिहून ठेवलेलं आहे. अर्जात उल्लेख असा करा: सीएआर, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४. हा आकडा दिसला की समोरच्याला कळतं, की अर्जदाराने नियम वाचलाय.

पहिली गोष्ट, रात्रीचा मुक्काम. विमानतळावर येऊन पोहोचलेल्या प्रवाशाचं विमान रद्द झालं, तर दुसऱ्या विमानाची वाट पाहताना खाणंपिणं आणि गरज असेल तिथे हॉटेल, नेण्या-आणण्यासकट, कंपनीने द्यायचं असतं. नुसता उशीर असेल तरी रात्री ८ ते पहाटे ३च्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं की हॉटेलची सोय करावी लागते. ७४ वर्षांच्या माणसाला रात्रभर खुर्चीत बसवणं हा नियमभंग आहे. तो पैशांच्या भरपाईपेक्षा वेगळा मुद्दा आहे, म्हणून अर्जात वेगळा लिहा.

दुसरी गोष्ट, भरपाई. रद्द झाल्याचं आधी कळवलं नाही तर प्रवासाच्या वेळेप्रमाणे रक्कम ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. मात्र मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांची बेरीज त्याहून कमी असेल, तर ती कमी रक्कम मिळते. दिल्ली दोन तासांच्या वर जातं, म्हणून तुमच्यासाठी १०,०००चा टप्पा. ही रक्कम दर प्रवाशाला आहे, हे विसरू नका.

आता कंपनी काय म्हणेल ते सांगते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका अशी हाताबाहेरची कारणं असली तर भरपाई द्यावी लागत नाही. पुण्यात त्यात हवाई दलाने धावपट्टी बंद ठेवण्याचीही भर पडते. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ पंधरवडाभर बंद होता, तेव्हा कंपन्यांचा काहीच इलाज नव्हता. पण 'ऑपरेशनल' हे उत्तर नव्हे. वैमानिक कमी पडले, विमान दुसरीकडे वळवलं, ही कंपनीच्या घरातली कारणं आहेत. म्हणून कारण लेखी मागा. त्या रात्री लोहगावहून दिल्लीची इतर विमानं गेली का, तेही पाहून ठेवा. गेली असतील तर हवामानाची सबब टिकणं कठीण.

एक गोष्ट फार महत्त्वाची. तिकीट काढताना संपर्काचा तपशील नीट दिलेला नसेल, तर भरपाई नाकारता येते. आपल्याकडे एजंट सर्रास स्वतःचा मोबाइल नंबर घालतात. मग विमान रद्द झाल्याचा संदेश एजंटच्या फोनवर जातो आणि आपण रिक्षाने लोहगाव गाठतो. पुढच्या वेळी तिकिटावर तुमचा नंबर आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.

कुणाकडे: आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल, मग एअरसेवा हे सरकारचं तक्रार पोर्टल, आणि दाद लागली नाही तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क लागत नाही. टर्मिनलच्या व्यवस्थापकाशी भांडू नका. त्यांचा यात काही संबंध नाही.

प्रश्न: धानोरीत चौदा मजल्यांच्या इमारतीत बाराव्यावर फ्लॅट घेतला. काम अकराव्यावर थांबलंय. बिल्डर म्हणतो, "एअर फोर्सची एनओसी कमी उंचीची आली." विमान तर आमच्या डोक्यावरून लांबून जातं. हे खरं असू शकतं का?
(एक वाचक, धानोरी)

उत्तर: खरं असू शकतं. पण ते बिल्डरला आधी माहीत नव्हतं, हे पटणारं नाही.

विमानतळाच्या आसपास इमारत, मनोरा, अगदी झाड किती उंच असावं, हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. त्याचे सविस्तर नियम २०१५ साली आले. नागरी विमानतळाजवळ ना-हरकत प्रमाणपत्र विमानतळ प्राधिकरण देतं. लोहगाव संरक्षण खात्याचं असल्याने ते हवाई दलाकडून येतं. उंचीची बंधनं फक्त धावपट्टीच्या रेषेतच असतात असं नाही. बाजूला, चक्कर घेण्याच्या पट्ट्यात आणि रडारभोवतीही असतात. म्हणून "विमान आमच्यावरून जात नाही" हा युक्तिवाद चालत नाही.

आता ज्यात सगळे फसतात तो मुद्दा. एनओसीवरची उंची जमिनीपासून मोजलेली नसते, समुद्रसपाटीपासून असते. समजा, पत्रावर ६३५ मीटर लिहिलंय आणि तुमचा प्लॉट समुद्रसपाटीपासून ५८३ मीटरवर आहे. म्हणजे इमारतीला मिळाले ५२ मीटर. त्यात पार्किंगचा मजला आला, लिफ्टची खोली आली, पाण्याची टाकी आली, गच्चीवरचा मोबाइल टॉवर आणि वीजरोधकाची सळईसुद्धा आली. सर्वेक्षकाने प्लॉटची उंची तीन मीटर कमी दाखवली असेल, तर कागदावर एक मजला जास्त बसतो, आणि खरी मोजणी झाली की तो नाहीसा होतो. धानोरी, लोहगाव, कळस भागात जमीन चढ-उताराची आहे. दोन शेजारच्या प्लॉटना वेगवेगळे मजले मिळू शकतात, आणि त्यात कुणी लबाडी केलेली असेलच असं नाही.

तुम्ही तीन कागद मिळवा: एनओसीचं पत्र, त्याला जोडलेला प्लॉटच्या उंचीचा दाखला, आणि महापालिकेने मंजूर केलेला नकाशा. तिन्हींवरच्या तारखा एका ओळीत लिहा. तुमच्या करारनाम्याच्या आधीच कमी उंचीची एनओसी हातात आली असेल, तर बिल्डरने जाणूनबुजून चौदा मजले विकले, आणि महारेरासमोर हाच तुमचा सगळ्यात बळकट पुरावा. ताबा देता आला नाही तर व्याजासकट पैसे परत मागण्याचा हक्क रेरा कायद्यात आहे.

कुणाकडे: महापालिकेचं बांधकाम परवानगी खातं आणि महारेरा. हवाई दलाच्या गेटवर जाऊ नका. तिथे घरमालकाशी कुणी बोलणार नाही, आणि ते त्यांचं कामही नाही. आणि "थोडी उंची वाढली तर चालून जातं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उंचीचा भंग करणारा भाग पाडून टाकण्यासाठी १९९४पासून स्वतंत्र नियम आहेत, आणि पाडायची वेळ आली तर मजला तुमचा जातो.

प्रश्न: आमच्या गल्लीमागच्या नाल्यात रात्री चिकनच्या दुकानांचा कचरा टाकतात. दिवसभर घारी घिरट्या घालतात. वॉर्ड ऑफिस म्हणतं, "दंड केला." परत तेच. विमानतळ जवळ असल्याने वेगळा कायदा आहे का?
(एक वाचक, विमाननगर)

उत्तर: आहे, आणि तो कडक आहे. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत जनावर कापणं, सोलणं किंवा पक्षी गोळा होतील असा कचरा टाकणं गुन्हा आहे. १९३७च्या विमान नियमांतल्या ९१व्या नियमात हॉटेल, मटणाची आणि मासळीची दुकानं यांच्या कचऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विमाननगरच नव्हे, येरवडा, विश्रांतवाडी, खराडी, वाघोली हे सगळं या वर्तुळात येतं. परवानगी घेऊन रीतसर चालणारं दुकान ही वेगळी गोष्ट. तुमची तक्रार उघड्यावर टाकलेल्या कचऱ्याबद्दल आहे, तेवढीच ठेवा, शेजारच्या दुकानदाराच्या पोटावर पाय आणू नका.

घार इंजिनात गेली तर पाती तुटतात, आणि हे घडतं ते बहुतेक वेळा विमान चढताना किंवा उतरताना, म्हणजे तुमच्या गच्चीवरून जातानाच. कुणाकडे: महापालिकेच्या घनकचरा विभागाला फोटो आणि तारखांसह अर्ज, प्रती विमानतळ संचालकांना आणि हवाई दलाच्या लोहगाव तळाला. इथे मात्र हवाई दलाला जरूर लिहा, कारण पक्ष्यांचा धोका लढाऊ विमानांनाही तेवढाच आहे. अर्जात 'दुर्गंधी' हा शब्द दुसऱ्या ओळीत आणि 'विमानाला पक्ष्यांचा धोका' पहिल्या ओळीत लिहा.

प्रश्न: माझा ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे. विकणारा म्हणाला, परवानगी लागत नाही. खडकवासल्याला प्री-वेडिंग शूट करू का?
(एक छायाचित्रकार, वारजे)

उत्तर: विकणाऱ्याने अर्धंच सांगितलं. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी क्रमांक लागतो, आणि कुठे उडवायचं याची बंधनं वजन बघत नाहीत. खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन पोर्टलवरच्या नकाशावर लाल भाग दिसला तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन वर नेऊ नका. नकाशा शूटच्या दिवशीच बघा, कारण तात्पुरता लाल भाग ९६ तासांपर्यंत जाहीर होऊ शकतो. पोलिसांचा मनाई आदेश आहे का, तेही ठाण्यात विचारा. ड्रोन नियमांतला दंड १ लाखापर्यंत आहे. जोडप्याला धरणाचं पाणीच हवं असेल तर परवानगीची दुसरी जागा शोधून द्या.

प्रश्न: बेंगळुरूहून येताना बॅग फाटली, आतली पैठणी खराब झाली. घरी आल्यावर लक्षात आलं. आता उशीर झाला का?
(एक वाचक, सहकारनगर)

उत्तर: सात दिवसांच्या आत असाल तर नाही. आजच लेखी कळवा, बॅगेच्या टॅगचा आणि साडीचा फोटो जोडा. पट्ट्याजवळच्या काउंटरवर तेव्हाच नोंद केली असती तर काम सोपं झालं असतं, पण त्याने हक्क जात नाही. देशांतर्गत प्रवासात कंपनीची जबाबदारी दर प्रवाशाला २०,००० रुपयांपर्यंतच असते. त्याहून मोलाचं काही असेल तर चेक-इनच्या वेळी किंमत जाहीर करून जादा शुल्क भरावं लागतं. म्हणून पैठणी आणि दागिने हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रश्न: दिवाळीत पुणे-नागपूरचं तिकीट बघून डोळे पांढरे झाले. भाड्याला कायद्याची मर्यादा नाही का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर: एरवी नाही. १९९४पासून भाडं कंपन्याच ठरवतात. त्यांनी दर जाहीर करायचे आणि ते अवाजवी वाटले तर डीजीसीएने हस्तक्षेप करायचा, एवढीच तरतूद आहे. सरकार मनात आणलं तर मर्यादा घालू शकतं, हे डिसेंबर २०२५मध्ये दिसलं. वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांनंतर देशभर उड्डाणं रद्द झाली, तेव्हा ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये अशी तात्पुरती कमाल ठरवली गेली. सणासुदीला हे आपोआप लागू व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

तिकिटाच्या एका भागावर मात्र प्रवाशाला आजही बोलता येतं: विमानतळ वापर शुल्क. ते २००८च्या कायद्याने नेमलेलं एईआरए हे प्राधिकरण ठरवतं, आणि लोहगाव त्याच्या कक्षेत येतं. दर पाच वर्षांच्या टप्प्यासाठी ठरतात आणि त्याआधी सल्लापत्र काढून लेखी हरकती मागवल्या जातात. त्यावर विमान कंपन्या लिहितात, प्रवासी सहसा लिहीत नाहीत. पुण्याचं पुढचं सल्लापत्र निघालं की याच स्तंभात हरकतीची शेवटची तारीख आणि अर्जाचा नमुना देईन. तोवर तुमच्या जुन्या तिकिटांवरचं हे शुल्क किती होतं, ते तारखांसह मला कळवा. हरकतीला जोडायला आकडे हवेत.