जुन्या जीपची नवी आवृत्ती काढताना शौकिनांना नेमकं काय हवं असतं?

तुम्ही विचारलंय की महिंद्राची नवी थार जीप आली, तिची पाच दारांची रॉक्स आली, तरी जीपवाली मंडळी नाराजच; मग त्यांना हवं तरी काय? मी नाशिकचा. थार आमच्याच गावात बनते, त्यामुळे हा वाद इथे चहाच्या टपरीवरही चालतो. माझं म्हणणं एवढंच, की आराम हवा तितका वाढवा, पण खरी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी यंत्रणा, साध्या, स्वस्त मॉडेलमध्येही मिळू द्या.

शौकिनांना बदलच नको असतो, हे खरं नाही. २०१०च्या थारला मागे स्प्रिंगचे लोखंडी पाटे होते, खड्ड्यात पाठ मोडायची. २०२०च्या थारला मागेही कॉइल स्प्रिंग आल्या, ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत ४ तारे मिळाले. आतली फरशी पाण्याने धुता येते, पाणी जायला बुचं आहेत. पावसाळ्यात भावली धरणाकडून चिखल घेऊन परतणाऱ्याला याचं मोल विचारा! आमच्यातल्या कुणी या सुधारणांना नावं ठेवलेली मला आठवत नाहीत.

खरा जीव अडकलाय तो दुसऱ्या दांडीत, म्हणजे फोर-लोच्या लिव्हरमध्ये. फोर-लो म्हणजे चारही चाकं अगदी हळू, पण जास्त जोराने फिरवणारा गिअर. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला जुलैत निसरड्या उतारावर जोरात ब्रेक दाबला की चाकं जाम होऊ शकतात आणि गाडी घसरत सुटते. फोर-लो टाकून पहिल्या गिअरमध्ये सोडली, की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ती पावलापावलाने उतरते. ब्रेकला पाय लावायचाही नाही. तसंच मागच्या लॉकिंग डिफरन्शियलचं. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की तेच गरगरत राहतं आणि जमिनीवरचं चाक नुसतं उभं. लॉक लागला की दोन्ही चाकं बरोबर फिरतात, गाडी निघते. आणि हो, लिव्हर हाताने ओढायचाच हवा. गिअर बसला की तळहाताला कळतं. बटण दाबून दिव्याकडे बघत बसण्यात तो भरवसा नाही.

दुरुस्तीचंही तेच. महिंद्राची जुनी जीप एमएम ५४० पेठ-सुरगाण्याकडे बंद पडली तर गावातला मेकॅनिक पाना घेऊन कामाला लागतो, सुटा भाग नाशिकमध्ये शिंगाडा तलावाजवळच्या दुकानांत शोधता येतो. नव्या गाडीत सेन्सर असणारच, धुराचे नियमच तसे आहेत. पण गिअर, अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) तरी स्कॅनरशिवाय उघडता यावेत.

बाकी मागण्या किरकोळ. कडक टप घरच्या घरी काढता यावा. रॉक्समध्ये दिलेल्या त्या पांढरट सीट चिखलाच्या गाडीत नकोत.

तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर एक सांगतो. २०२३पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते, रॉक्सची फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आहे आणि बाहेरून सगळ्या सारख्याच रुबाबदार दिसतात. शोरूममध्ये आधी दार उघडून गिअरच्या दांडीशेजारी दुसरी दांडी आहे का बघा. ती नंतर बसवून घेऊ, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्यासाठी ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, शाफ्ट असं सगळंच लागतं.