रक्त बघून चक्कर येते, मग नर्सिंगला जाऊ का नको?

बारावीचा निकाल लागला की सीईटी आणि कॅप राउंडची (म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांची) गडबड संपेपर्यंत समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो. कधी आई विचारते, कधी मामा, क्वचित पोरगी स्वतः. "मॅडम, नर्सिंगला नंबर लागतोय, पण हिला रक्त बघितलं की घेरी येते, टाकू का नको?" आणि बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या आवाजातच उत्तर असतं, की तुम्ही नको म्हणा म्हणजे आम्ही सुटलो.

मी तेवढ्यावरून नको म्हणत नाही. का ते सांगायला एका पोरीची गोष्ट सांगते, तिला आणि तिच्या वडिलांना विचारून, आणि ओळख लागू नये म्हणून थोडं इकडचं तिकडं करून.

राधानगरी तालुक्यातली पोरगी. घरचा थोडा ऊस, दोन म्हशी, दूध डेअरीला. बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या सेमिस्टरला होती. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी वडील तिला घेऊन आले आणि पहिली माझी नजर गेली ती बादलीवर. निळी प्लास्टिकची बादली, आत मग, साबणाचा डबा, कपडे धुवायचा ब्रश, वर टॉवेल कोंबलेला. म्हणजे पोरगी नुसती सुट्टीला निघाली नव्हती, हॉस्टेल सोडून निघाली होती. शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, तेव्हापासून आमच्या कोल्हापूरला बाहेरून वळकटी घेऊन शिकायला येणाऱ्या पोरांची सवय आहे, पण परत निघालेली बादली बघितली की मला अजून कसंतरीच होतं.

वडील म्हणाले, "ओ मॅडम, हिला जरा समजावून सांगा. सोडतो म्हणतीया."

आणि ती खाली बघून म्हणाली, "मी दोनदा पडलो मॅडम, सगळ्यांच्या म्होरं." (कोल्हापूरच्या बाहेरच्यांनी दचकू नका, आमच्याकडं पोरी मी आलो, मी गेलो असंच बोलतात.)

झालेलं असं. पहिलं क्लिनिकल पोस्टिंग सर्जिकल वॉर्डात. शुगरवाल्या एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग चाललेलं, भोवती आठजणी उभ्या, ही सगळ्यात मागं. सकाळी सातची ड्युटी म्हणून नाश्ता न करता आलेली. पट्टीचा शेवटचा वेढा जखमेला चिकटलेला, तो सलाईन टाकून सोडवताना वास आला, आणि पुढचं तिला आठवतं ते एकदम वॉर्डातल्या मावशींच्या मांडीवर डोकं होतं आणि मावशी पदरानं वारा घालत होत्या. आठवड्यानं परत पडली, त्यावेळी तर जखम दिसलीच नव्हती, नुसता ड्रेसिंगचा ट्रे आला होता. तिथल्या एका सिनियर सिस्टरनी सगळ्यांसमोर सुनावलं, "तुझ्याच्यानं व्हायचं नाही बाई, घरी जाऊन भाकरी थाप." वडिलांनी एसटीत बसल्यापासून एकच लावलेलं, एवढी कसली भित्री.

आता माझी चूक सांगते, कारण ती बरेच जण करतात. मला वाटलं नवीन जागा, घरची आठवण, इंग्रजीतून ॲनाटॉमी, त्याचं टेन्शन आहे. मी तिला शांत श्वास घ्यायचा शिकवला, खांदे सैल सोड, हात सैल सोड, अंग ढिलं कर. आठ दिवस बघू म्हणून परत पाठवली. तिनं अगदी प्रामाणिकपणे वॉर्डात उभं राहून ते केलं, आणि आधीपेक्षा लवकर पडली.

तिसऱ्यांदा पडल्यावर ती एकटीच आली. मी म्हटलं, पडायच्या आधी काय काय होतं ते मला अगदी बारीकसारीक सांग. तर म्हणाली, "आधी जांभया येतात मॅडम. लई जांभया. सिस्टर त्यावरनंच चिडल्या, म्हणाल्या झोप झाली नाही का. मग हातापायाला घाम, कानात रातकिड्यासारखा आवाज, आणि बाजूबाजूनं काळं व्हत येतंय."

त्या जांभयांवर माझी ट्यूब पेटली. हे टेन्शनचं काम नव्हतं, निदान नुसतं टेन्शनचं तरी नव्हतं.

पालीची, उंदराची, उंचीची भीती असते त्यात माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, छाती धडधडते, बीपी वाढतं, पाय पळायला तयार होतात. रक्त, जखम, सुई यांचं गणित मात्र उलटं आहे. आधी नाडी आणि बीपी थोडं वर जातं आणि मग काही जणांत धाडकन खाली येतं, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त पायाकडं उतरतं आणि मेंदूला कमी पडतं. जांभया, घाम, कानातला आवाज, मळमळ हे सगळं त्या पडत्या बीपीचं. अशा माणसाला अंग ढिलं सोड म्हणणं म्हणजे उताराला लागलेल्या गाडीचा ब्रेक काढून घेणं. मी तेच केलं होतं. तिला सॉरी म्हटलं, सरळ.

आणि हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. म्हणून पुढच्या वेळी वडिलांनाही बोलावलं आणि विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? वडील पंख्याकडं बघायला लागले. पोरगी हळूच म्हणाली, "पप्पा म्हस व्यायला लागली की काकांना बोलवतात आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभारतात."

"ते मला वास सोसत न्हाई," वडील म्हणाले. मग जरा वेळानं स्वतःच म्हणाले की कोरोनाच्या लशीला स्टुलावरनं घसरलो होतो, घरात सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून भित्री हा शब्द त्या घरातून गेला, माझ्या कुठल्याच बोलण्यानं तो इतक्या पटकन गेला नसता.

आधी तिला डॉक्टरकडं पाठवलं. हे मी प्रत्येकाला सांगते, चक्कर म्हणजे रक्ताचीच भीती असं घरबसल्या ठरवू नका. पळताना किंवा काम करताना चक्कर येत असेल, छातीत धडधड होऊन येत असेल, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर हृदयाची तपासणी पहिली. तिचा ईसीजी चांगला होता, हिमोग्लोबिन कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या.

मग आम्ही जे शिकलो त्याला अप्लाइड टेन्शन म्हणतात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मांडली आणि तपासली. करायला इतकी सोपी की लोकांचा विश्वासच बसत नाही. खुर्चीत बसायचं, दंड, पोट, मांड्या, पोटऱ्या सगळं एकदम घट्ट आवळायचं, १० ते १५ सेकंद, तोंड गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत. मग सोडायचं, पण पार ढिलं नाही, नेहमीसारखं. २०-३० सेकंद थांबायचं आणि परत आवळायचं. असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच वेळा सराव. श्वास कोंडायचा नाही, चेहरा आवळायचा नाही. आवळल्यानं बीपी वर धरलं जातं एवढीच त्यातली गंमत. बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

वडिलांना ते लगेच कळलं, तरुणपणी गावच्या तालमीत जाणारा माणूस. "म्हंजे खडाखडीच्या आधी अंग धरतो तसं की." मी म्हटलं हां, तस्संच. मला वीस मिनिटं लागली होती समजवायला.

पंधरा दिवस ती केएमटीच्या बसमध्ये, मेसच्या लाईनीत, लेक्चरला, सगळीकडं मांड्या आवळत बसायची, रूममेट हसायच्या. मग पायऱ्या केल्या. आधी नुसते शब्द मोठ्यानं वाचायचे, जखम, पू, टाके. मग मोबाईलवर फोटो, मग ड्रेसिंगचा व्हिडिओ आवाज बंद करून, मग आवाजासकट. प्रत्येक पायरीवर जांभई आली की आवळायचं, आणि उतरली की मग पुढं. मधे एका व्हिडिओला तीन दिवस अडकली, रडली, म्हणाली जाऊ दे मॅडम. मी म्हटलं अडक की, आपल्याला कुठं गाडी गाठायचीय.

सगळ्यात उपयोगी पायरी आयतीच मिळाली, हेपॅटायटिस बीची लस. नर्सिंगच्या मुलींना सुया आणि रक्ताशीच काम, त्यामुळं ही घेतलीच पाहिजे, खरं तर वॉर्डात जायच्या आधीच सुरू करायला हवी, तिची राहून गेली होती. तीन डोस, पहिला, मग एका महिन्यानं, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. पहिला घेताना ती आडवी झोपली, तोंड भिंतीकडं, पाय आणि दुसरा हात आवळून. ज्या दंडात सुई तो मात्र सैल ठेवायचा, नाहीतर दुखतं. नर्सला तिनं आधीच सांगितलं होतं की मला घेरी येते. हे आधी सांगणं तिला सुईपेक्षा जड गेलं.

कॉलेजातही आम्ही तेच केलं. तिच्या क्लिनिकलच्या ट्युटर मॅडमना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं मी पण फर्स्ट इयरला लेबर रूममध्ये पडले होते, तू भिंतीला टेकून उभी राहत जा. बाकीचं मग लहानसहान. पोटात काहीतरी टाकल्याशिवाय वॉर्डात जायचं नाही, तिच्या खिशात शेंगदाण्याचा लाडू असायचा. पाणी पिऊन जायचं. गुडघे लॉक करून पुतळ्यासारखं उभारायचं नाही, पायाची बोटं, पोटऱ्या हलवत राहायच्या. आणि एवढं करूनही काळं दिसायला लागलंच तर सरळ खाली बसायचं, जमलं तर आडवं होऊन पाय वर, लाजायचं नाही. ट्रे हातात असताना पडण्यापेक्षा बसलेली नर्स परवडली.

तिला काम पण लावून दिलं होतं मॅडमनी, हे मला फार आवडलं. नुसतं बघत उभं राहिलं की डोकं जखमेत अडकतं. म्हणून तिच्याकडं आजोबांची नाडी दिली, मनगट धरायचं आणि सेकंद काट्याच्या घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट मोजायची. (नवीन जाणाऱ्यांनो, घड्याळ सेकंद काट्याचंच घ्या, स्मार्टवॉच नको.) तिकडं ड्रेसिंग चाललेलं आणि ही इकडं अडुसष्ट, एकोणसत्तर. आजोबा तिला विचारायचे, "बाळ, हाय का अजून चालू?"

सिस्टर झालीस म्हणजे लोकांची घाण काढायची असं तिची आत्या म्हणायची, त्याचाही राग होता मनात. त्यावर आमचं फार बोलणं झालं नाही. एकदा एका आजीचं स्पंजिंग करून वेणी घालून आली त्या दिवशी तिनंच सांगितलं की आजी आरसा मागत होत्या, आणि तो विषय तिथंच संपला.

ॲडमिशनच्या आधी माझ्याकडं येणाऱ्यांना दोन गोष्टी अजून सांगते, विषय वेगळा आहे पण पैसे आणि वर्षं यातच जातात. पोरगी कशासाठी पात्र होणार ते आधी बघा. एएनएम म्हणजे सहायक नर्सचा कोर्स दोन वर्षं, जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा तीन, बीएस्सी चार, आणि शेवटी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळणार का हा एकच प्रश्न विचारा. सहा महिन्यांत नर्स करतो म्हणणाऱ्या बोर्डाखाली उभं राहू नका. आणि मुलींची फी, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, पण ते कॅप राउंडमधून लागलेल्या नंबरला. मॅनेजमेंट कोट्यातून घाईनं घेतलेल्या सीटला नाही. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म यांचा खर्च वेगळा धरा.

अशा सगळ्याच पोरी टिकतात असं नाही. एकीला मीच म्हटलं होतं की तुला हे आवडतच नाहीये, चक्कर हे निमित्त आहे, आणि ती आज बँकेत आनंदात आहे. फरक कळायला मी एवढंच विचारते, समजा उद्यापासून चक्कर यायची बंद झाली, तर जाशील का? बँकवाली गप्प बसली होती. ही म्हणाली, "मग काय मॅडम, आत्ता जातो."

पावसाळ्यात तिचा तिसरा डोस झाला. बसून घेतला, आणि सुई आत जाताना बघितली. मला मेसेज आला, "जांभई आली होती, पण एकच."

दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन. मला वाटलं आभार वगैरे मानतायत. इकडच्या तिकडच्या गप्पा, पाऊस, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का, ऊस किती वाढला, आणि मग जरा आवाज खाली आणून, "मॅडम, ते अंग आवळायचं किती सेकंद म्हणाला होता? न्हाई, म्हस गणपतीत व्यायची हाय, आणि भाऊ पुण्याला गेलाय."