वाचकांचे प्रश्न : फोर्टमध्ये दुपार कुठे घालवावी?

प्रश्न : वडिलांच्या बँकेच्या कामासाठी पुढच्या महिन्यात नाशिकहून मुंबईला, फोर्ट भागात यायचे आहे. काम दुपारपर्यंत आटोपेल. परतीची पंचवटी मात्र संध्याकाळची आहे. वडील 76 वर्षांचे असून गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही, पण इतिहासाची आवड दांडगी आहे. मधले दोन-तीन तास कुठे बसावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वडिलांना हॉर्निमन सर्कलच्या बागेत न्या. मी या भागात बरीच वर्षे नोकरी केली असल्यामुळे हे खात्रीने सांगतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंतर किलोमीटरभराहून थोडे अधिक आहे. तेवढ्यासाठीही टॅक्सीच करा. जेवणाच्या सुटीत कार्यालयांतील मंडळी डबे घेऊन येतात, तेव्हा बाक मिळणे अवघड होते. ती परतली की पारंब्यांच्या सावलीत निवांत जागा मिळते.

वडिलांना सांगण्यासारखे तर पुष्कळ आहे. ही जागा पूर्वी बॉम्बे ग्रीन नावाचे मोकळे मैदान होती आणि येथे कापसाचे ढीग पडत. तो बाजार पुढे कुलाब्याला आणि नंतर शिवडीकडे गेला, म्हणून तिकडच्या स्थानकाला आजही कॉटन ग्रीन म्हणतात. समोरच्या टाउन हॉलपुढील वडाखाली 1850 च्या दशकात शेअर दलाल जमत, आणि मुंबई शेअर बाजाराची सुरुवात तिथली. भोवतीच्या एकसारख्या कमानदार इमारतींसह हे वर्तुळ 1872 मध्ये पूर्ण झाले, तेव्हा त्याला मुंबईचे एक गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव होते. स्वातंत्र्यानंतर ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना दिले गेले. भारतीयांची बाजू घेतली म्हणून ब्रिटिश सरकारने 1919 मध्ये या इंग्रज माणसाला हद्दपार केले होते. गव्हर्नरचे नाव उतरून संपादकाचे चढले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

टाउन हॉलच्या पायऱ्या उंच आहेत. तिथे वडिलांना चढवण्याचा आग्रह धरू नका, त्याचे खांब खालूनही छान दिसतात. चालवले तर पश्चिमेच्या सेंट थॉमस कॅथेड्रलपर्यंत जा. ते 1718 मध्ये खुले झाले आणि किल्ल्याच्या त्या बाजूच्या दरवाजाला त्यावरूनच चर्चगेट हे नाव पडले. पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि कार्यालये सुटण्याआधीच टॅक्सी पकडा; नंतर ती लवकर मिळत नाही.