आठवी-नववीच्या मुलांना शिक्षकांकडून नेमकं काय हवं असतं?

गोव्यातल्या एका हायस्कूलमध्ये तुम्ही नव्याने रुजू होताय, म्हणून हा प्रश्न. विचारलं तर मुलं ‘टीचर प्रेमळ हवी’ असं सांगतील. खरी नाराजी दिसते ती तपासलेला पेपर हातात पडल्यावर. दहापैकी सहा मिळाले, पण चार गेले कुठे?

म्हणून नुसती लाल रेघ मारू नका. ‘एकक नाही, अर्धा गुण’, ‘आकृतीला नावं नाहीत, एक गुण’ एवढं समासात लिहा. पेपर आठवड्याच्या आत परत करा. महिन्याने दिला तर मुलं फक्त गुणांची बेरीज तपासतात. सगळा पेपर वर्गात सोडवण्यात तास घालवू नका, निम्मा वर्ग जिथे चुकला ते दोन-तीन प्रश्नच फळ्यावर घ्या. अंतर्गत गुण कशाकशाचे, हे सत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाका. नाहीतर ‘लाडक्यांना मिळतात’ हा समज वर्षभर हटत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि माझ्या मते इथे हीच सगळ्यात मोठी. बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी शाळेत असतात, पाचवीपासून माध्यम इंग्रजी. अपूर्णांक येतो, ‘फ्रॅक्शन’ला अडतो. आठवीतही शाब्दिक उदाहरण चुकतं ते अनेकदा वाक्य न कळल्यामुळे. आधी उदाहरण मोठ्याने वाचून घ्या. काय दिलंय आणि काय काढायचंय, हे मुलालाच त्याच्या भाषेत सांगू द्या. मग आकडेमोड. विज्ञानात बाष्पीभवन मिठागरावरून खुशाल कोंकणीत समजवा, पण शेवटी उत्तराची दोन वाक्यं इंग्रजीत वहीत उतरवून घ्या, पेपरात तीच लागतात. हे राहिलं की तक्रार ठरलेली: ‘टीचर शिकवतात बरं, पण लिहायला येत नाही.’

‘समजलं?’ विचारू नका, सगळा वर्ग हो म्हणतो. तासाची शेवटची सात-आठ मिनिटं एक गणित द्या आणि मागच्या बाकांपासून फिरा. पुढच्या बाकांवरच्या वह्या पाहून वर्गाचा अंदाज हमखास चुकतो.

चारचौघांत केलेला अपमान या वयात मुलं विसरत नाहीत. वर्तनाबद्दल बोलायचं ते तास संपल्यावर, एकट्याशी. मारण्याचा तर प्रश्नच नाही. गोवा बाल कायदा, 2003 नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे.

जादा तास शाळा सुटल्यावर ठेवणार असाल, तर आधी बालरथाची, म्हणजे शाळेच्या बसची, वेळ विचारा. बस चुकली की गावाकडच्या मुलांना घरी जायला साधन उरत नाही. मग जादा तासाला उरतात ती जवळ राहणारी मुलं, आणि ज्यांच्यासाठी तास ठेवला ती कधीच निघून गेलेली असतात. त्यापेक्षा मधल्या सुट्टीची दहा मिनिटं किंवा एखादा मोकळा तास बरा.